ग्रह शोधण्याआधी तारा मोजा: तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या मोजमापाची पायरीवार पद्धत

कालेय तारकासमूहात गॅमा ड्रॅकोनिस नावाचा एक ठळक नारिंगी तारा आहे. २००३ ते २०११ या काळात त्याचा वेग ७०२ दिवसांच्या आवर्तनाने इतका शिस्तीत मागेपुढे होत होता, की गुरूच्या दहापट वस्तुमानाचा ग्रह त्याच्याभोवती फिरतोय असं कुणीही म्हटलं असतं. २०११ ते २०१३ दरम्यान ते आवर्तन नाहीसं झालं. नंतर परत आलं, पण ताल चुकवून. ग्रह असा दोन वर्षं सुट्टीवर जात नाही. वेगातला तो बदल ताऱ्याचा स्वतःचाच होता, आणि २०१८ मध्ये निरीक्षकांनी ते जाहीर केलं. रोहिणी ताऱ्याभोवती २०१५ मध्ये सुचवलेल्या ग्रहावरही पुढे असाच संशय घेतला गेला.

राक्षसी ताऱ्यांभोवतीच्या (म्हणजे आयुष्याच्या उत्तरार्धात फुगून मोठ्या आणि थंड झालेल्या ताऱ्यांभोवतीच्या) ग्रहांबद्दल वाचताना किंवा स्वतः आकडेमोड करताना मी आधी ग्रहाकडे बघतच नाही. आधी ताऱ्याची त्रिज्या, वस्तुमान, तापमान आणि तो आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते बघतो. हे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र रस्त्यांनी आलेत की एकाच आकड्यातून सगळे पाझरलेत, याचीही खात्री करतो. ते कसं करायचं ते पुढे लिहिलंय. उदाहरणासाठी पुनर्वसू नक्षत्रातला पोलक्स घेतलाय. तो डोळ्यांना सहज दिसतो, त्याच्यावर भरपूर काम झालंय, आणि त्याच्याभोवती ५९० दिवसांत फिरणारा ग्रह २००६ मध्ये जाहीर झाला.

मुळात हे तारे अवघड का?

सूर्यासारखा तारा गाभ्यात हायड्रोजन जाळत असतो तोवर त्याच्या रंग-तेजावरून वस्तुमानाचा अंदाज बरा येतो. राक्षसी अवस्थेत मात्र सूर्याएवढे, दीडपट आणि अडीचपट वस्तुमानाचे तारे तापमान-दीप्तीच्या (दीप्ती म्हणजे ताऱ्याची एकूण प्रकाशशक्ती) आलेखावर एकाच अरुंद पट्ट्यात गर्दी करतात. तापमानात पन्नास केल्विन इकडेतिकडे झाले, की वस्तुमान वीस-तीस टक्क्यांनी सरकू शकतं. त्यावर भर म्हणजे नुकता फुगत चाललेला तारा आणि गाभ्यात हेलियम जाळू लागलेला तारा बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात.

वेगपद्धतीत (ग्रहाच्या ओढीने तारा किती वेगाने मागेपुढे डोलतो ते मोजून) ग्रहाचं किमान वस्तुमान ताऱ्याच्या वस्तुमानाच्या दोन-तृतीयांश घाताने बदलतं, तर अधिक्रमण पद्धतीत (ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा किती प्रकाश अडतो ते मोजून) ग्रहाची त्रिज्या थेट ताऱ्याच्या त्रिज्येच्या पटीत येते. ताऱ्यातली चूक ग्रहात उतरते ती अशी.

पहिली पायरी: निवड

ग्रह शोधायचा असेल तर सगळे राक्षसी तारे सारखे उपयोगी नसतात. जितका तारा थंड आणि मोठा, तितकी त्याची स्वतःची थरथर जास्त. म्हणून बहुतेक मोहिमांनी बी उणे व्ही हा रंगांक (निळ्या आणि हिरवट-पिवळ्या पट्ट्यांतल्या प्रतींमधला, म्हणजे तेजाच्या आकड्यांमधला फरक; तो जितका जास्त तितका तारा तांबडा) साधारण १.२ च्या आत असलेले जी आणि के वर्गातले, म्हणजे पिवळसर ते नारिंगी, तारे घेतले. लिक वेधशाळेच्या १९९९ ते २०१२ च्या मोहिमेत असे ३७३ तारे होते.

एका ताऱ्यासाठी एक वही किंवा एक तक्ता उघडा. प्रत्येक राशीसाठी दोन रकाने ठेवा, एक आकड्याला आणि एक तो कुठून आला त्याला. दुसरा रकाना सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो. पण माझ्याकडून एकदा तारासूचीतली त्रिज्या आणि तारासूचीतलं तापमान 'दोन स्वतंत्र पुरावे' म्हणून वापरलं गेलं होतं. त्रिज्या त्याच तापमानावरून काढलेली होती, हे फार उशिरा कळलं. आता तो रकाना मी आधी भरतो.

दुसरी पायरी: वर्णपटातून तापमान आणि धातुता

धातुता म्हणजे ताऱ्यातलं हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांचं प्रमाण. ती आणि तापमान काढायला पन्नास हजारांच्या वरची विभेदनक्षमता (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद) आणि शंभरच्या वर संकेत-गोंधळ गुणोत्तर असलेला वर्णपट हवा. ग्रहशोध मोहिमेत एकाच ताऱ्याचे डझनावारी वर्णपट घेतलेले असतात. ते वेग दुरुस्त करून एकत्र केले की हे गुणोत्तर फुकटात मिळतं. एक अट मात्र आहे. वेग मोजण्यासाठी मधे आयोडीनच्या वाफेची नळी ठेवली असेल तर ते वर्णपट इथे चालत नाहीत, कारण आयोडीनच्या हजारो रेषा ताऱ्याच्या रेषांवर बसलेल्या असतात. नळीशिवाय घेतलेला साचा-वर्णपट वापरायचा.

पद्धत जुनीच, लोहाच्या रेषांची. उदासीन लोहाच्या शंभर-दोनशे आणि आयनीभूत लोहाच्या दहा-वीस स्वच्छ रेषा निवडायच्या, त्यांची समतुल्य रुंदी (रेषेने किती प्रकाश गिळला त्याचं माप) मोजायची आणि तीन अटी एकत्र पाळल्या जाईपर्यंत ताऱ्याच्या वातावरणाचं प्रतिमान फिरवत राहायचं. कमी आणि जास्त उत्तेजन-ऊर्जेच्या रेषांनी लोहाचं प्रमाण सारखंच सांगितलं पाहिजे. त्यातून तापमान ठरतं. उदासीन आणि आयनीभूत लोहाचं उत्तर जुळलं पाहिजे, त्यातून पृष्ठगुरुत्व, म्हणजे लॉग जी. बारीक आणि ठळक रेषांचंही उत्तर जुळलं पाहिजे, त्यातून सूक्ष्म-खळबळीचा वेग, जो या ताऱ्यांत सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास येतो. समतुल्य रुंदीसाठी एरीस, प्रमाण काढण्यासाठी मूग, किंवा दोन्ही एकाच छपराखाली हवं तर आयस्पेक ही मोफत साधनं रुळलेली आहेत.

राक्षसी ताऱ्यांत इथे दोन खड्डे आहेत. थंड वातावरणात सायनोजनसारख्या रेणूंच्या रेषा सगळीकडे पसरलेल्या असतात, त्यामुळे सूर्यासाठी बनवलेली रेषायादी तशीच उचलली तर निम्म्या रेषा भेसळीच्या निघतात. स्वाती किंवा पोलक्ससारख्या संदर्भ-ताऱ्यावर यादी आधी तपासा. जी रेषा तिथे वेडंवाकडं उत्तर देते ती काढून टाका. दुसरा खड्डा असा की तापमान, लॉग जी आणि धातुता हातात हात घालून चुकतात. तापमान थोडं जास्त धरलं की लॉग जी वर सरकतं, धातुताही सरकते, आणि तरीही तिन्ही अटी जवळपास पाळल्यासारख्या दिसतात. म्हणून वर्णपटाच्या लॉग जीवर विसंबून वस्तुमान काढू नये. पुढच्या पायऱ्यांत चांगलं लॉग जी मिळालं की ते पक्कं धरून वर्णपट पुन्हा सोडवायचा. दोन फेऱ्यांत तापमान स्थिरावतं.

पोलक्ससाठी संदर्भमूल्य ४८६० केल्विनच्या आसपास आहे आणि धातुता सूर्यापेक्षा किंचित जास्त.

रंगावरूनही तापमान काढून बघा. व्ही उणे के (दृश्य आणि अवरक्त पट्ट्यांतला फरक) हा रंगांक त्यासाठी उत्तम, कारण धातुतेचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. पण के वर्गाच्या राक्षसी ताऱ्यात या रंगांकातली ०.१ प्रतीची चूक तापमानात सुमारे ८० केल्विन होऊन येते. दूरच्या ताऱ्यात धुळीची लाली वजा करायला विसरलात तर एवढी चूक सहज होते. जवळच्या ठळक ताऱ्यात उलटा त्रास. टूमास या अवरक्त सर्वेक्षणात के पट्ट्यातली चौथ्या प्रतीहून तेजस्वी ताऱ्यांची चित्रं भाजून निघालेली आहेत आणि प्रतीतली अनिश्चितता ०.२ च्या वर जाते. तारासूचीत आकडा दिसतो म्हणून तो वापरायचा नाही, शेजारचा त्रुटीचा रकाना वाचायचा.

तिसरी पायरी: त्रिज्या

इथे दोन रस्ते आहेत आणि त्यांच्या दर्जात बराच फरक आहे.

तारा जवळ आणि मोठा असेल तर व्यतिकरणमापकाने त्याचा कोनीय व्यास थेट मोजलेला असण्याची शक्यता असते. माउंट विल्सनवरची चारा ही सहा दुर्बिणींची रचना ३३० मीटरपर्यंतच्या अंतराने प्रकाश जुळवते. मोजमाप वापरताना ते कडेच्या काळोखासाठी दुरुस्त केलेलं आहे ना, हे बघा. ताऱ्याची चकती कडेला मंद दिसते. ती सगळीकडे सारखी उजळ धरली तर व्यास काही टक्क्यांनी लहान येतो. मग हिशोब एका ओळीचा (पराशय म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकल्यासारखा दिसतो तो कोन, ज्यावरून अंतर कळतं):

सूर्याच्या पटीत त्रिज्या = १०७.५ × कोनीय व्यास ÷ पराशय (दोन्ही मिलिआर्कसेकंदांत)

पोलक्सचा व्यास ७.९८ आणि हिपार्कोस उपग्रहाने मोजलेला पराशय ९६.५४. उत्तर ८.९ सूर्यत्रिज्या. यात तापमानाचा जवळजवळ संबंध नाही, म्हणूनच हा रस्ता मला सर्वांत विश्वासाचा वाटतो.

दुसरा रस्ता दीप्तीचा. प्रत, अंतर आणि धुळीची दुरुस्ती यांवरून दीप्ती काढायची, मग तापमानाने भागून त्रिज्या. बहुतेक ताऱ्यांसाठी हाच उपलब्ध असतो. इथे त्रिज्या तापमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे १०० केल्विनची चूक चार टक्के होते. पराशय गाया या नव्या उपग्रहाचा घ्या, पण त्याची शून्य-दुरुस्ती करून. तिसऱ्या प्रकाशनात पराशय सरासरी मिलिआर्कसेकंदाच्या काही शतांशांनी कमी येतात. शंभर पार्सेकवरच्या (सुमारे सव्वातीनशे प्रकाशवर्षांवरच्या) ताऱ्याला ते जाणवतही नाही, पण हजार पार्सेकवर अंतर दोन-तीन टक्क्यांनी हलतं. आणि पोलक्ससारखे फार ठळक तारे गायाच्या डोळ्यांना दिपवतात, तिथे हिपार्कोसकडेच जावं लागतं.

चौथी पायरी: ताऱ्याचा नाद

राक्षसी ताऱ्यांचं मोजमाप ज्याने खरोखर बदललं ती ही पायरी. केप्लर दुर्बीण २००९ मध्ये गेली ग्रह शोधायला, पण तिने हजारो राक्षसी ताऱ्यांची कंपनंही टिपली. पृष्ठाखालच्या खळबळीमुळे तारा घंटेसारखा वाजत राहतो. सूर्याची कंपनं पाच मिनिटांची, तर पोलक्सची साधारण सव्वातीन तासांची.

प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार ताऱ्याच्या तेजाचा आलेख, घ्या. केप्लर किंवा तिच्यानंतरची अवकाश दुर्बीण टेस यांची माहिती सर्वांसाठी खुली आहे आणि पायथनमधल्या लाइटकर्व्ह या संचाने ती उतरवता येते. आधी दिवसागणिक होणारा संथ चढउतार काढा. पण चाळणी फार घट्ट लावू नका, नाहीतर मोठ्या ताऱ्यांची कंपनंच पुसली जातात. मग शक्तिपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे त्याचा आलेख, काढा. डावीकडून उतरत येणारा एक डोंगर दिसेल, तो पृष्ठावरच्या खळबळीचा. त्या उतारावर एक उंचवटा असेल, काटेरी. त्या उंचवट्याच्या मध्याची वारंवारता म्हणजे न्यू-मॅक्स. काटे सारख्या अंतरावर येतात, ते अंतर डेल्टा-न्यू.

न्यू-मॅक्स पृष्ठगुरुत्वाशी बांधलेलं आहे, डेल्टा-न्यू सरासरी घनतेच्या वर्गमुळाशी. सूर्यासाठी हे आकडे ३०९० आणि १३५.१ मायक्रोहर्ट्झ.

डेल्टा-न्यू तपासायची खात्रीची युक्ती अशी. शक्तिपटाच्या डेल्टा-न्यू लांबीच्या पट्ट्या कापा आणि एकाखाली एक रचा. लांबी बरोबर असेल तर काटे उभ्या रांगांत उभे राहतात. किंचित चुकली तर रांगा तिरक्या होतात, गवत वाऱ्याने झुकावं तशा. संगणकाने दिलेला आकडा कितीही नेटका असो, हे चित्र पाहिल्याशिवाय मी तो तक्त्यात लिहीत नाही. विशेषतः टेसच्या एकाच सत्राची माहिती असेल तर. सत्तावीस दिवसांत वारंवारता ०.४ मायक्रोहर्ट्झपेक्षा बारीक वाचता येत नाही, आणि संगणक अर्ध्या अंतराला पूर्ण समजून बसतो. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा असतो, तेव्हा शेजारी दुसरा राक्षसी तारा नाही ना हेही पाहून घ्या. दोन उंचवटे दिसले तर बहुधा शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतोय.

पाचवी पायरी: तारा चढतोय की स्थिरावलाय?

गाभ्यात आणि बाहेरच्या थरांत दोन्हीकडे घुमणाऱ्या मिश्र कंपनांमध्ये, लागोपाठच्या आवर्तनकाळांत, एक ठराविक कालांतर असतं. गाभ्याभोवतीचं हायड्रोजनचं कवच जाळत अजून फुगत, म्हणजे 'चढत', असलेल्या ताऱ्यात ते साधारण ५० ते १०० सेकंद, हेलियम पेटलेल्या ताऱ्यात ३०० च्या आसपास. २०११ मध्ये केप्लरच्या माहितीतून हा फरक स्पष्ट झाला. लांब प्रकाशवक्र असेल तरच तो मोजता येतो.

याने ग्रहाची गोष्ट किती बदलते ते ध्रुवमत्स्यातल्या ८ उर्से मायनोरिस ताऱ्यात दिसलं. ग्रह ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्याहून थोडा कमी अंतरावर, ९३ दिवसांच्या कक्षेत. तारा चढत असेल तर त्यात नवल काही नाही. २०२३ मध्ये टेसच्या कंपनांवरून कळलं की तारा हेलियम जाळतोय, म्हणजे तो एकदा फुगून त्या कक्षेपलीकडे जाऊन परत आखडलेला असायला हवा. ग्रह मग वाचला कसा? कदाचित दोन तारे एकमेकांत मिसळले असावेत, अशी एक शक्यता मांडली गेली.

सहावी पायरी: वस्तुमान, तीन वेगळ्या वाटांनी

पोलक्सचे आकडे घेऊ. कॅनडाच्या मोस्ट उपग्रहाच्या निरीक्षणांतून डेल्टा-न्यू ७.०८ मायक्रोहर्ट्झ मिळालं आणि सर्वांत ठळक कंपन ८६.९ ला. हे ठळक कंपन आपण न्यू-मॅक्सच्या जागी धरू. काटेकोरपणे ते एकच नाहीत, पण ही ढिलाई किती महाग पडते तेही दिसेल.

वाट एक, त्रिज्या आणि डेल्टा-न्यू. ७.०८ भागिले १३५.१, त्याचा वर्ग ०.००२७५, ही सूर्याच्या तुलनेत घनता. ८.९ चा घन ७०५. गुणाकार १.९४ सूर्यवस्तुमानं.

वाट दोन, त्रिज्या आणि न्यू-मॅक्स. ८६.९ भागिले ३०९०, गुणिले तापमान-गुणोत्तराचं वर्गमूळ, म्हणजे ०.०२५८. हे पृष्ठगुरुत्व. ८.९ च्या वर्गाने गुणलं की २.०४.

वाट तीन, त्रिज्या बाजूला ठेवून निव्वळ कंपनं. यात न्यू-मॅक्सचा घन आणि डेल्टा-न्यूचा चौथा घात येतो. उत्तर २.२८, आणि सोबत त्रिज्या ९.४, जी मोजलेल्या व्यासाशी जुळत नाही.

एकाच ताऱ्याची तीन वस्तुमानं. तिसरी वाट सर्वांत लोकप्रिय, कारण तिला अंतर लागत नाही. पण न्यू-मॅक्समधली एक टक्का चूक तिथे तीन टक्के होते आणि डेल्टा-न्यूमधली चार टक्के. सूर्याचा संदर्भ आकडा ३०९० ऐवजी काही संघांप्रमाणे ३१४० घेतला तर तेवढ्यानेच वस्तुमान पाच टक्क्यांनी खाली येतं. थेट मोजलेली त्रिज्या हाताशी असताना मी पहिली वाट धरतो. प्रकाशित मूल्यही १.९१ च्या आसपास आहे. दीप्तीवरून आलेली त्रिज्या असेल तर मात्र तिन्ही वाटांची उत्तरं शेजारी शेजारी लिहा, कारण त्रिज्येतले चार टक्के घन केल्यावर बारा होतात.

शेवटी उत्क्रांतीच्या प्रतिमानांशी ताडून बघायचं. पॅराम किंवा आयसोक्लासिफाय ही साधनं तापमान, धातुता, दीप्ती आणि कंपनं एकत्र घेऊन वस्तुमान आणि वय देतात. त्यांना पाचव्या पायरीतला टप्पा सांगा. तो न सांगता दिलेलं उत्तर कधी कधी दोन शिखरांचं असतं, आणि सरासरी मधल्या दरीत पडते. तिथे एकही खरा तारा नसतो.

सूर्याच्या दीडपटीहून जड समजल्या गेलेल्या कितीतरी ग्रहधारी ताऱ्यांची वस्तुमानं वर्णपटातून फुगवून आली होती का, यावर २०११ पासून बराच वाद झाला. कंपनांवरून तपासणाऱ्या एका गटाला ती पंधरा-वीस टक्के जास्त वाटली, दुसऱ्याला एकूणात तसा कल दिसला नाही.

सातवी पायरी: ग्रहाचे आकडे, आणि संशय

पोलक्सच्या वेगाचा झोका सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास. १.९४ वस्तुमान धरलं तर ग्रह किमान २.९ गुरूंचा, २.२८ धरलं तर ३.२ चा. कक्षेचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.७ पटीवरून १.८ वर जातं.

आता ताऱ्याची स्वतःची थरथर. दीप्ती भागिले वस्तुमान, गुणिले ०.२३ मीटर प्रतिसेकंद, हा कंपनांच्या वेगाचा चालणारा ठोकताळा आहे. पोलक्सची दीप्ती सूर्याच्या ४० पट, म्हणजे जवळपास पाच मीटर. आवर्तन तीन तासांचं असल्याने एका रात्री एक-दीड तासाच्या अंतराने दोन-तीन निरीक्षणं घेतली की हा गोंधळ बराचसा विरघळतो. ४५ मीटरचा झोका कंपनांनी येत नाही.

पण परिवलनाने येऊ शकतो, कारण डागाळलेला तारा स्वतःभोवती फिरताना त्याचा वेग बदलल्यासारखा भासतो. परिवलनकाळ दिवसांत = ५०.६ × त्रिज्या ÷ विषुववृत्तावरचा वेग, किलोमीटर प्रतिसेकंदात. ५९० दिवसांचं परिवलन असायला वेग फक्त ०.७६ किलोमीटर लागतो. वर्णपटरेषा रुंद करणारी मोठी खळबळच याच्या कित्येक पट असते, त्यामुळे 'रेषेच्या रुंदीवरून परिवलन नाही हे सिद्ध झालं' असं कुणी लिहिलं तर थोडं थांबून वाचा. पोलक्सवर एका गाऊसपेक्षाही क्षीण चुंबकीय क्षेत्र सापडलंय, आणि २०१४ मध्ये त्याचं आवर्तन ५९० दिवसांच्या अगदी जवळ निघालं. मग ग्रह आहे की चुंबकीय डाग, असा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला. पुढे लांबलेल्या निरीक्षणांतून ते आवर्तन ६६० दिवसांकडे सरकलं.

म्हणून वेगाच्या आवर्तनाशेजारी याच गोष्टींची आवर्तनं लावून बघायची: रेषांचा तिरपेपणा, कॅल्शियम आणि हायड्रोजन-अल्फा रेषांची खोली, दीर्घकालीन प्रत आणि जमल्यास अवरक्त वेग. डाग असेल तर अवरक्तात झोका सहसा लहान होतो, ग्रह असेल तर तेवढाच राहतो. आणि निरीक्षणं लांबवायची. गॅमा ड्रॅकोनिसची पहिली आठ वर्षं निष्कलंक होती.

अधिक्रमणाबद्दल थोडक्यात. दहा सूर्यत्रिज्यांच्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर प्रकाश दहा हजारांत एक भाग कमी होतो, आणि पृष्ठावरची खळबळही प्रकाश साधारण तेवढाच हलवते. म्हणून असे ग्रह मोजकेच सापडलेत, बहुधा तीन ते पाच सूर्यत्रिज्यांच्या, राक्षसीपणाच्या उंबरठ्यावरच्या ताऱ्यांभोवती. टीओआय-१९७ हा त्यातलाच, २.९ सूर्यत्रिज्यांचा. टेसने त्याची कंपनं आणि ग्रह दोन्ही एकाच प्रकाशवक्रात टिपले.

निष्कर्ष लिहिताना वस्तुमानासोबत न्यू-मॅक्स, डेल्टा-न्यू, तापमान, कोनीय व्यास, पराशय, धुळीची दुरुस्ती आणि सूर्याचे संदर्भ आकडे कच्च्या स्वरूपात द्या. पराशयाची नवी आवृत्ती आली की वाचणाऱ्याला दहा मिनिटांत तुमचा ग्रह पुन्हा मोजता येतो.